रिमवाल्या मिस्त्रींची झाकणं

"पन कशासारखा?" या एका प्रश्नापुढं भले भले गार झालेले मी पाहिले आहेत.

पुण्याहून मोठी गाडी घेऊन एखादा साहेब यायचा, खाली उतरायचा, खरचटलेली चारी अलॉय चाकं दाखवायचा आणि म्हणायचा, "काळा करून टाका."

मिस्त्री हातातला पॉलिश पेपर खाली न ठेवता विचारायचे, "काळा व्हय. पन कशासारखा?"

"काळ्यासारखा काळा."

"तसा नसतो, सायेब. कढई काळी असती, म्हस काळी असती, करवंद काळं असतं. तुमचा कंचा?"

साहेब मोबाईल पुढं करायचा. त्यात कुठल्या तरी परदेशातल्या गाडीचं चकचकीत चाक. मिस्त्री मान दुसरीकडं वळवायचे. "त्यो मोबाईलचा उजेड हाय. रंग न्हवं."

मग साहेब वळून माझ्याकडं बघायचा. आजूबाजूला शिकलेलं तोंड तेवढं माझंच होतं.

कापूरहोळला, हायवे सोडून भोरकडं वळतात तिथं, माझं पीयूसीचं केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक जुनी व्हॅन, तिच्यात एक कॉम्प्युटर आणि गाडीच्या नळकांड्यात घालायची धूर मोजायची नळी. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच, आणि ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही. व्हॅनच्या काचेवर मी स्वतःच्या नावापुढं डिग्री लिहून घेतली होती. मिस्त्री मला "डिग्री" म्हणूनच हाक मारायचे. खूश असले की "डिग्रीबाई". त्यांचं पत्र्याचं शेड माझ्या व्हॅनला खेटून होतं. त्यांचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण ते कुणी घेत नव्हतं, म्हणून मीही घेत नाही.

मिस्त्रींचा धंदा एकच. गाड्यांच्या खराब झालेल्या रिमा नव्यासारख्या करून देणं. नव्यासारख्या म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. "नवी पायजे तर दुकानात जा. हितं बरी करून मिळंल," म्हणायचे.

रिम हातात घेतली की ते आधी तिचा जन्म सांगायचे. डावीकडच्या दोन्ही रिमांची कड खरचटलेली असली की, "पुन्याची गाडी. फुटपाथला लावती." एकाच जागी चेमटलेली असली की, "घाटातला खड्डा. ब्रेक उशिरा मारलाय, बोलत व्हता कुनाशी तरी." एकदा एका जोडप्याची गाडी आली. मिस्त्रींनी मागची रिम फिरवून बघितली आणि नवऱ्याला म्हणाले, "गाडी तुमी चालवता, पन रिव्हर्स घेताना 'यू द्या, यू द्या' कोन म्हनतं?" बाई तडक माझ्या व्हॅनमध्ये येऊन बसली. म्हणाली, "हा माणूस ज्योतिषी आहे का?" मी म्हटलं, "नाही, बैलवाला आहे."

ते खरंच होतं. मिस्त्री मूळचे वेल्ह्याकडचे. चाकांच्या नादी लागण्याआधी ते शिंगं साळायचे आणि रंगवायचे. बेंदूर आला की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरनं त्यांना बोलावणी यायची. शिंग आधी धारदार पात्यानं साळून गुळगुळीत करायचं, मग तेल, मग रंग, शेवटी टोकाला पितळेची शेंबी. साळल्याशिवाय रंग धरत नाही, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा सिद्धांत. पुढं बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि मिस्त्री पोटासाठी एका गॅरेजात लागले. तिथं कुणीतरी त्यांच्या हातात खरचटलेली रिम दिली. त्यांनी ती साळली. धंदा सुरू झाला.

पण हात रिमेवर असला तरी बोलणं बैलांशीच. "डाव्या अंगाचा हाय का उजव्या?" असं ते प्रत्येक चाकाबद्दल विचारायचे, आणि डावीकडची रिम चुकूनसुद्धा उजवीकडं बसवायचे नाहीत. "डाव्या अंगाच्या बैलाला उजवीकडं जुपलं तर त्यो रस्ता सोडतो." मी शास्त्र शिकलेली. मी सांगून बघितलं की मिस्त्री, रिमेला तसं काही नसतं. ते म्हणाले, "तुमी इचारलंय का तिला?" मधल्या टोपणाला ते शेंबीच म्हणायचे. पुण्याची माणसं "सेंटर कॅप हरवलीय" म्हणून यायची आणि जाताना "शेंबी छान बसलीय हो" म्हणून जायची.

रंग भाजायला त्यांनी एका बंद पडलेल्या बेकरीची भट्टी आणली होती. पावडरचा रंग उडवला की रिम भट्टीत जायची. भट्टीच्या अंगात खारीचा वास इतका मुरलेला, की ती तापली की एसटीची वाट बघणारी माणसं शेडमध्ये डोकावून "बटर आहेत का?" विचारायची. मिस्त्री शांतपणे म्हणायचे, "हायत. पन रबरी लागतील."

शेडच्या मागच्या भिंतीवर त्यांचं कॅटलॉग होतं. डब्यांची झाकणं. पत्र्याची, स्टीलची, जुन्या बिस्किटांच्या डब्यांची. प्रत्येकावर एक रंग आणि खाली कागदाच्या चिठ्ठीवर नाव. नावं मी लिहायचे, कारण मिस्त्रींचं अक्षर मिस्त्रींनाही लागत नव्हतं. पहिल्या दिवशी मी झोकात "गनमेटल ग्रे" लिहिलं. त्यांनी विचारलं, "ह्ये काय?" मी अर्थ सांगितला. "तुमी बघितलीय बंदूक?" नव्हती बघितली. चिठ्ठी फाडली. तिथं "धरणाचं पाणी, श्रावण" असं आलं. शेजारी "धरणाचं पाणी, चैत्र", तो मातकट. पुढं "चिंचेचा कोळ", "करपलेलं दूध", "पिकल्या भाताची लोंबी", "तव्याची पाठ". एक होता "सरपंचाचा सदरा", तो पांढरा. त्यावर डाग पडतील म्हणून मिस्त्री कुणाला घेऊ द्यायचे नाहीत.

गिऱ्हाइकाला भिंतीवरचं काही पसंत पडलं नाही, की मग आपला प्रश्न. कशासारखा? एका बिल्डरनं वैतागून सांगितलं, "हा माझा बूट बघा. असला काळा!" मिस्त्री वाकून बूट बघत राहिले. म्हणाले, "झ्याक. काढा." बूट नमुना म्हणून ठेवून घेतला. बिल्डरनं आवाज चढवला, मग गयावया केली, मग समोरच्या ढाब्यावरनं स्लीपर मागवली. दोन दिवसांनी तो गाडी न्यायला आला. चाकं बघितली आणि हातातला बूट पायात घालायचं विसरून पाच मिनिटं तसाच उभा. बूट आणि चाक यांत कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते कळत नव्हतं.

आणि मग त्याला तीट दिसली.

मिस्त्रींची ही खोड सगळ्यात महाग होती. काम पुरं झालं, वरनं दिलेली पारदर्शक लॅकर वाळली, की हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या शेजारी ते काडीनं एक काळा ठिपका लावायचे. काळ्या रिमेवर पांढरा. बारक्या पोराच्या गालाला लावतात तसा. त्यावरनं रोज एक तरी भांडण व्हायचं.

"अहो, एवढं सुंदर केलंत आणि डाग का पाडलात?"

"ती तीट हाय."

"चाकाला?"

"चाकाला न्हाई, तुमच्या नजरंला. बिनडागाचं चाक घेऊन गेला तर रोज उठून वाकून बघताल. कुठं खरचटलं का, कुठं लागलं का. बायकूशी बोलायचा न्हाई तुमी. आता पयला डाग माझा. सुटला तुमी."

बिल्डरनं वाकून तिटेवरनं बोट फिरवलं. मग त्यानं मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "घराला लावता का?"

हे सगळं मला लांबून बघायला फार गोड वाटायचं. माझ्यावर पाळी येईपर्यंत.

मी गाडी घेतली. जुनीच, पण चारचाकी. आमच्या घरातली पहिली. ती का घेतली हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. मी भोरला कॉलेजात होते तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माझ्या फीसाठी बैलजोडी विकली. हरण्या आणि पाखऱ्या. भोंगवलीत आमच्या दाराला लागून थोरल्या चुलत्यांचं दार. त्यांच्या दावणीला बैल होते, आजही आहेत. त्या बेंदराला वाजतगाजत बैल मारुतीला निघाले. आमच्या ओट्यावर आईनं मातीचे दोन बैल मांडलेले. चुलते आमच्या दारापुढं मुद्दाम थांबले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या धाकट्यानं बैल इकून शाई इकत घेतली. आता दावणीला सर्टिफिकेट बांध म्हनावं."

लोक हसले. आप्पाही हसले, ते मला जास्त लागलं. त्या दिवशी मी ठरवलं, एका बेंदराला आमच्या दारात असं काहीतरी उभं करायचं की मिरवणूक आपण होऊन थांबली पाहिजे.

ती ही गाडी. तांबडी, इंजिन ठणठणीत, धूर तर मी स्वतःच मोजलेला. फक्त अलॉयची दशा झालेली. मिस्त्रींनी चारी चाकांभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ज्यानं इकली त्याला डावा डोळा हाय ना?"

बेंदराला आठ दिवस होते. मी म्हटलं, "मिस्त्री, बेंदराच्या आदल्या दिवशी मला गाडी गावाला न्यायचीय. रिमा शोरूममधल्यासारख्या पाहिजेत. सिल्व्हर. आणि तीट नको."

"चाकं सोडवून ठिवतो," म्हणाले. त्यांनी चारी चाकं काढली, गाडी दगडांवर चढवली, रिमा साळून पांढऱ्या केल्या आणि विचारलं, "आता सांगा. कशासारखा?"

"सिल्व्हर म्हणजे सिल्व्हर. मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे, मला सांगू नका."

"मंग तुमाला तर येकदम सांगता येईल."

"चंद्रासारखा."

"कंच्या तिथीचा?"

"चमच्यासारखा."

"लग्नातला का हाटेलातला?"

मी व्हॅनचं दार लावून घेतलं. दोन दिवस बोलले नाही. गाडी दगडांवर. येणारे-जाणारे मला विचारायचे, "मॅडम, पीयूसी आहे का हिची?" तिसऱ्या दिवशी मी नमतं घेऊन भिंतीवरचं एक झाकण दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "त्यो तुमाला आवडला न्हाई. तुमी दमलाय म्हनून बोट दाखवताय." चौथ्या दिवशी शेडवर पाटी लागली. पाटी मीच लिहिलेली, आदल्या वर्षी, तेव्हा फार हसत हसत: "बेंदराची सुट्टी. रिमा थांबतील, बैल थांबत न्हाईत." मिस्त्री दर बेंदराला आदल्या दिवसापासून चार दिवस शेड बंद करून शिंगं रंगवायला गावी जायचे. म्हणजे माझ्या हातात उरले दोन दिवस. नाहीतर यंदाचा बेंदूर मी एसटीनं, आणि आप्पा पुन्हा ओट्यावर हसत.

त्या दुपारी मी जेवायला बसले होते. डबा भोंगवलीहून यायचा. कॉलेजात असल्यापासून आमच्या बाजूच्या एसटीनं आई डबा पाठवायची, कंडक्टर उतरवून द्यायचा. नोकरीधंदा लागला तरी तिनं ते सोडलं नव्हतं. डबा तोच, जर्मनचा, एका बाजूला चेमटलेला. मिस्त्री समोर येऊन उभे. "ठरलं का, डिग्री?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी झाकण उचलून त्यांच्यापुढं आपटलं. "ह्याच्यासारखा! ह्या डब्यासारखा! झालं?"

मिस्त्रींनी झाकण उचललं. उन्हात नेलं. तिरकं धरलं, सरळ धरलं. अंगठ्यानं चोळलं.

"कोन घासतं ह्ये?"

"आई."

"कशानं?"

"चुलीच्या राखेनं. शंभरदा सांगितलंय की राख अल्कली असते, अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही..."

"गप बसा," मिस्त्री म्हणाले. पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले. "चार दिस ह्ये माझ्या समोर उघडत व्हता आन् मला चंद्र सांगत व्हता." आणि झाकण घेऊन आत गेले.

"अहो, आमटीवर माश्या बसतील!"

आतनं आवाज आला, "ताट झाका."

दोन दिवस शेडमधनं घासल्याचा आवाज येत होता. आदल्या दिवशी सकाळी चाकं बसली. मी बघितलं आणि हिरमुसले. चकाकीच नाही! मऊसर, दबका, धुतलेल्या भांड्यासारखा उजेड. मी शोरूम मागितलं होतं, मला भांड्याची मांडणी मिळाली. आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी टपोरी काळी तीट.

"मिस्त्री, मी तीट नको म्हटलं होतं."

"म्हनून जरा मोठी लावलीय," म्हणाले, आणि पिशवी काखेत मारून वेल्ह्याच्या गाडीला पळाले. झाकण द्यायचं राहिलंच.

गाडी भोंगवलीत नेली. आप्पा तिच्याभोवती फिरले, टपावर हात ठेवून बैलाच्या पाठीवर थापटतात तसं थापटलं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. चुलते ओट्यावरनं म्हणाले, "चाकं जुनी दिसत्यात." मी रात्रभर तेच वाक्य घोळवत पडले.

बेंदराच्या दिवशी सकाळी जाग आली ती खसाखसा आवाजानं. बाहेर येऊन बघते तो आई पाटावर बसून माझ्या गाडीचं पुढचं चाक घासतेय. एका हातात नारळाचा काथ्या, शेजारी टोपलंभर राख.

"आई! काय करतेस?"

"डांबर उडालंय गं चाकावर. हवा भरायच्या व्हॉलजवळ बघ. तिन्ही चाकांचं काढलं, ह्ये चौथं."

"ती तीट होती!"

"चाकाला?" आई म्हणाली. तीही मिस्त्रींच्या गिऱ्हाइकांसारखीच. "आन् नुसती तीट पुसून काय करायचं, म्हनून म्हटलं सगळंच घासून काढू. आपल्या डब्यावानी दिसाया लागलं, हात थांबंना."

मी खाली वाकले. चारी रिमांवर बारीक गोल गोल रेघा. लॅकर गेलेली. मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात आतनं पुरण लागल्याचा वास आला, आई काथ्या टाकून आत पळाली, आणि राख तशीच ओल्या चाकांवर राहिली. धुवायचं त्या गडबडीत कुणालाच सुचलं नाही. मी तर धुसफुसत घरात जाऊन बसले. दुपारपर्यंत राख वाळून चाकांवर पांढरी पडली. माझी शोरूमची गाडी चुलीतनं काढल्यासारखी दिसायला लागली.

तिन्हीसांजेच्या आधी ताशा वाजायला लागला. बैल निघाले. सगळ्यात पुढं चुलत्यांची जोडी, शिंगं तांबडी, गोंडे, झुली. मी दाराआड उभी. आप्पा गाडीशेजारी उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, आत या. ते म्हणाले, "दारात जनावर उभं असताना धन्यानं आत बसायचं नसतं."

चुलते आमच्या दारासमोर आले. तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे, कारण तेवढ्यात त्यांच्या उजव्या अंगाच्या बैलानं मान वळवली, दोन पावलं वाट सोडली, आणि माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाला जीभ लावली.

राखेत खार असतो आणि जनावराला खार आवडतो, हे कळायला बी.एस्सी. लागत नाही. बैल चाटायला लागला. चुलत्यांनी कासरा ओढला. बैल हलेना. चुलते म्हणाले, "हो, हो, चल!" बैलानं डोळे मिटून घेतले. मग डाव्या अंगाचा बैल मागच्या चाकाकडं वळला. ताशावाला थांबला. मागचे बैल थांबले. त्यांच्या मागची माणसं पुढं येऊन बघायला लागली. आख्खी मिरवणूक आमच्या दारात उभी! पोरं मोबाईल काढून शूटिंग करत होती. कुणीतरी ओरडलं, "गाडीला पुरणपोळी द्या, ती पन बैलच हाय!"

चुलते घामाघूम. "काय लावलंय ह्या चाकाला?"

आप्पांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी थोरल्या भावाला सगळ्या आळीसमोर उत्तर दिलं, आणि तेही किती मऊ आवाजात.

"ऱ्हाऊ दे, दादा. सर्टिफिकेट चाटतोय त्यो."

हसण्याचा असा कडेलोट झाला की चुलतेही हसले. हसता हसता त्यांनी कासरा सोडून दिला आणि आप्पांच्या खांद्याला धरून उभे राहिले. बैलांनी चारी चाकं लखलखीत करून मगच मारुतीचा रस्ता धरला.

सुट्टी संपून मिस्त्री आले. मी गाडी त्यांच्यासमोर लावली आणि भांडायच्या तयारीनं, खरं म्हणजे बोलणी खायच्या तयारीनं, उभी राहिले. ते चाकापाशी उकिडवे बसले. रेघांवरनं बोट फिरवलं. तीट कुठं गेली ते विचारलंही नाही.

"कोनी केलं?"

"आईनं. राखेनं. आणि नंतर बैलांनी."

"बैलांचं चाटनं वरचं झालं," मिस्त्री म्हणाले. "मला दोन दिसांत ह्येच जमत नव्हतं. झाकनावर ज्यो रंग हाय त्यो रंगाचा न्हाईच. त्यो घासन्याचा हाय." मग वर न बघता विचारलं, "तुमच्या आई येतील का येक दिस?"

आई आली, एसटीनं, राखेची पिशवी घेऊन. शेडमध्ये पोतं पसरून बसली. साळलेली उघडी रिम पुढं ओढली. मिस्त्री समोर बसले, शाळेत बसतात तसे.

"असं न्हवं," आई म्हणाली. "खांद्यातनं जोर लावू नका. मनगटातनं. आन् गोल फिरवा, आडवं कशापायी मारताय? कुनी शिकवलं तुमाला?"

"बैलाचं शिंग आडवं साळत्यात, आक्का."

"ह्ये शिंग हाय का?"

मिस्त्रींनी मनगट सैल सोडलं आणि काथ्या गोल फिरवायला लागले.

त्या दिवसापासून भिंतीवर आमच्या डब्याचं झाकण मधोमध आलं. आई दर मंगळवारी यायची, रिमा घासायची, मिस्त्री वरनं लॅकर द्यायचे, तीट लावायचे. पुण्याची माणसं बघून म्हणायची, "वा, ब्रश्ड फिनिश!" मिस्त्री म्हणायचे, "ब्रश-बिरश काय न्हाई. भोंगवलीचा घासलेला." तोच नंतर सगळ्यात जास्त खपला. झाकण मात्र आईनं कितीदा मागितलं तरी मिळालं नाही. "ते झाकन ऱ्हायलं न्हाई आता, आक्का. सॅम्पल हाय." आई डब्याला फडकं बांधून पाठवायची, आमटी सांडायची, आणि मंगळवारी मिस्त्रींचा उद्धार व्हायचा.

मग रस्ता रुंद व्हायचं निघालं. शेड गेलं, माझी व्हॅन पलीकडं सरकली. मिस्त्रींनी भट्टी भंगारात दिली, झाकणांचं गाठोडं बांधलं आणि गावी गेले. जाताना निरोप घ्यायची रीत त्यांना नव्हती. फोन ते उचलायचे नाहीत. आता शेडच्या जागेवर मोमोजची गाडी उभी असते.

पाऊस सरता सरता एक दिवस वेल्ह्याकडच्या एसटीचा कंडक्टर माझ्या व्हॅनपाशी आला. "मॅडम, डबा आहे तुमचा." फडक्यात बांधलेलं. सोडलं, तर आमचं झाकण. चिठ्ठी नाही, काही नाही. कडेला, हवा भरायला व्हॉल्व्ह असतं तिथं असावी अशी, एक काळी तीट.

घरी नेऊन आईला दिलं. तिनं उन्हात धरलं, तिरकं केलं, नाक मुरडलं. "किती कळकटलंय. म्हाताऱ्याला येक झाकन घासता येईना. राख आन."

ओट्यावर बसून तिनं झाकण घासलं. मनगटातनं, गोल गोल. आतनं, बाहेरनं, कडा. मग पाण्यात बुचकळून माझ्या हातात दिलं. सगळं झाकण लखलखत होतं. तीट होती तिथंच होती. तिच्याभोवतीनं फिरलेल्या काथ्याच्या रेघा मला स्पष्ट दिसत होत्या.